तौलनिक राजकारणाच्या जर्नलला लेख पाठवायचा असेल तर

आधी लेख लिहून काढायचा आणि मग जर्नल शोधायचं, या क्रमानं गेलं की तौलनिक राजकारणात गाडी हमखास अडते. तुलना कशाची आहे, कशासाठी आहे आणि हीच ठिकाणं का घेतली, हे या विषयाचे संपादक सगळ्यात आधी पाहतात. माहिती किती जमवली याचा विचार नंतर होतो. हे तिन्ही निर्णय मुलाखतींना बाहेर पडण्याआधी घ्यायचे असतात. ते घेताना आपला वाचक कोण, हे ठाऊक असावं लागतं. म्हणून सुरुवात जर्नलपासून.

जर्नल निवडणं

‘कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स’ हे त्रैमासिक न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतून १९६८ पासून निघतं. ‘कम्पॅरेटिव्ह पोलिटिकल स्टडीज’ही १९६८ चंच, ते सेज प्रकाशनाकडून येतं. ‘वर्ल्ड पॉलिटिक्स’ १९४८ साली येल विद्यापीठात सुरू झालं आणि पुढे प्रिन्स्टनला गेलं. ही तिन्ही सर्वसाधारण जर्नलं आहेत, म्हणजे त्यांचा वाचक ब्राझील, केनिया किंवा पोलंडवर काम करणारा असतो. ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’ २०१३ पासून दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेच्या ‘लोकनीती’ या संशोधन उपक्रमातर्फे निघतं. तिथल्या वाचकाला जिल्हा परिषद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, पण आतला तपशील चुकला तर तो लगेच पकडतो. यांच्या मधल्या पट्ट्यात विषयवार जर्नलं आहेत: पक्षांसाठी ‘पार्टी पॉलिटिक्स’, संघराज्यासाठी ‘पब्लियस’, विकास आणि राजकारण यांच्या नात्यासाठी ‘स्टडीज इन कम्पॅरेटिव्ह इंटरनॅशनल डेव्हलपमेंट’. पहिल्या लेखासाठी हा मधला पट्टा फार चांगला आहे आणि आपल्याकडे त्याचा पुरेसा विचार होत नाही.

नेमकं जर्नल ठरवण्यासाठी त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक घ्या आणि पंचवीसेक लेखांचा एक तक्ता करा. रकाने चारच पुरेत: किती देश किंवा राज्यं, पुरावा कसला (सर्वेक्षण, अभिलेख, मुलाखती, निवडणूक आकडे), लेखाचा प्रश्न एका वाक्यात, आणि तो कुठल्या वादाला उत्तर देतो. तुमचा लेख या तक्त्यात सव्विसावी ओळ म्हणून बसतो का ते पाहा. सगळे लेख मोठ्या आकडेवारीचे असतील आणि तुमच्याकडे साठ मुलाखती असतील, तर जर्नल कितीही नावाजलेलं असलं तरी तिथे पाठवू नका. वाट पाहण्यात महिने जातील आणि मिळणाऱ्या शेऱ्यातून शिकायलाही काही मिळणार नाही.

अंक वाचायला मिळत नाहीत ही अडचण थोडी कमी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत शासकीय उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या.

पैशांबद्दलही इथेच बोलून घेऊ. वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये लेख नेहमीच्या मार्गानं छापायला साधारणपणे लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत. लेख सर्वांना मोफत वाचता यावा असा पर्याय निवडलात तरच शुल्क येतं, आणि ते मोठं असतं. ‘सात दिवसांत समीक्षा, पंधरा दिवसांत प्रसिद्धी’ असा ईमेल आला तर तो सरळ काढून टाका. दोन जाणकारांनी लेख नीट वाचायला सात दिवस पुरत नाहीत. यूजीसीनं मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता ‘यादीत आहे’ एवढ्यावर भागत नाही. संपादक मंडळातली नावं घ्या आणि त्या व्यक्तींच्या विद्यापीठातल्या पानावर या जर्नलचा उल्लेख सापडतो का ते तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

तुलना बांधणं

लेख टिकतो की पडतो ते इथे ठरतं, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. विषय ऊस आणि राजकारण, राज्यं महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश.

पीक एकच. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर उतारा घटतो, म्हणून दोन्हीकडचा शेतकरी जवळच्या कारखान्याला बांधलेला. केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश दोन्हीकडे लागू. तरीही महाराष्ट्रात कारखान्याच्या अध्यक्षपदावरून आमदारकीकडे जाणारी वाट तयार झाली आणि उत्तर प्रदेशात उसाचं राजकारण मुख्यतः सरकारकडे दर मागणारं राहिलं. इतकं साम्य असताना फळ वेगळं का, हा तौलनिक प्रश्न झाला. ‘महाराष्ट्रातील साखर कारखानदारी आणि राजकारण’ हा नुसता विषय झाला. त्याला हो किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही.

जास्तीत जास्त गोष्टी सारख्या असलेली, पण परिणामात वेगळी ठिकाणं घ्यायची आणि फरक कुठे आहे ते शोधायचं, या युक्तिवादाचं मूळ जॉन स्टुअर्ट मिलच्या १८४३ च्या तर्कशास्त्रात आहे. त्याची दुबळी बाजूही तितकीच जुनी आहे: दोन ठिकाणांत तुम्ही मोजलेल्या फरकाखेरीज आणखी दहा फरक असतात. आपल्या उदाहरणात ‘महाराष्ट्रात कारखाने सहकारी, उत्तर प्रदेशात बहुतांशी खासगी, म्हणून राजकारण वेगळं’ असं म्हटलंत की समीक्षक लगेच विचारेल: मराठा समाजाच्या संख्याबळाचं काय? जमीन महसुलाच्या वेगळ्या इतिहासाचं काय? उत्तर प्रदेश सरकार केंद्राच्या दरावर स्वतःचा दर जाहीर करतं, त्यामुळे आंदोलनाचं तोंड आपोआप सरकारकडे वळत नाही का?

हे प्रश्न येणारच आहेत, तेव्हा ते आधी तुम्हीच लिहा. कागदाच्या डाव्या बाजूला प्रत्येक पर्यायी स्पष्टीकरण, उजव्या बाजूला ‘हे खरं असेल तर कुठे काय दिसायला हवं’. जातीय संख्याबळ हेच खरं कारण असेल तर दक्षिण गुजरातेत, जिथे बारडोली, गणदेवीसारखे सहकारी साखर कारखाने आहेत पण समाजरचना वेगळी आहे, तिथे चित्र महाराष्ट्रासारखं दिसू नये. मालकीची पद्धत हे कारण असेल तर ते काही अंशी दिसायला हवं. म्हणजे तिसरं ठिकाण कुठलं घ्यायचं हे या कागदानंच सांगितलं. दोन ठिकाणांच्या लेखात असं एक लहानसं तिसरं ठिकाण, पान-दोन पानांचं, घातलं तर लेखाचं वजन खूप वाढतं.

तुमच्या मांडणीला न जुमानणारा तुकडा लपवू नका. कोल्हापूर-सांगलीत सहकारी कारखाने भक्कम आहेत आणि तरी ऊसदराचं जोरकस आंदोलनही तिथलंच आहे. जयसिंगपूरची ऊस परिषद मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘सहकार असला की दराचं आंदोलन उभं राहत नाही’ असं विधान या एका पट्ट्यापुढे टिकत नाही. मग विधान बारीक करायचं: सहकारी कारखान्यात दराचं भांडण संचालक मंडळाच्या निवडणुकीतून सुटण्याची शक्यता असते, आणि ती वाट बंद झाली की ते रस्त्यावर येतं. हे विधान जास्त अरुंद आहे, पण तपासता येतं.

आता शब्दांची तुलना. उत्तर प्रदेशात सहकार नाही असं लिहिलंत तर तिथला जाणकार तिथेच थांबेल, कारण तिथे ऊस उत्पादकांच्या सहकारी समित्या आहेत. फरक असा की त्या समित्या कारखान्याला ऊस पुरवण्याची व्यवस्था पाहतात, शेतकऱ्याला ‘पर्ची’, म्हणजे ऊस घालायची चिठ्ठी, मिळते ती त्या व्यवस्थेतून. आपल्याकडे कारखानाच सभासदांचा असतो. एकच शब्द, मालकी मात्र वेगळी. म्हणून लेखात ‘सहकार’ हा शब्द मोकळा न सोडता ‘गाळपाची मालकी उत्पादकांकडे असणं’ असा मोजता येईल असा अर्थ बांधून घ्या. राज्य ओलांडलं की शब्दाचा आशय बदलतो. देश ओलांडल्यावर तर बदलतोच.

आणखी एक चूक हुशार लोकांकडूनही होते. ज्या कारखान्यांचे अध्यक्ष मंत्री झाले तेवढेच कारखाने अभ्यासाला घ्यायचे. त्यांची माहिती सहज मिळते, चरित्रं असतात, स्मरणिका असतात. पण परिणाम घडलेलीच ठिकाणं घेतली तर कारण सिद्ध होत नाही, कारण तेच गुण असूनही ज्यांचे अध्यक्ष तालुक्याबाहेर गेले नाहीत असे कारखाने तुम्ही पाहिलेलेच नसतात. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडची कारखान्यांची पूर्ण यादी घ्या आणि निवड तिच्यातून करा. निवडीचा नियम लेखात दोन वाक्यांत लिहा.

सारांश आणि पहिली तीन पानं

बहुतेक जर्नलं १५० शब्दांच्या आसपास सारांश मागतात. संपादक लेख समीक्षकांकडे पाठवायचा की आपल्या टेबलावरूनच परत करायचा हे बरंचसं सारांश आणि प्रस्तावनेवरून ठरवतात. परत येणारा सारांश असा असतो: ‘या लेखात महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास, तिची वैशिष्ट्ये आणि राजकारणावरील प्रभाव यांचा आढावा घेतला आहे. काही सूचनाही केल्या आहेत.’ यात प्रश्न नाही, उत्तर नाही, तुलना नाही.

तोच असा लिहा: ‘एकच पीक आणि एकच केंद्रीय कायदा असताना दोन भारतीय राज्यांत उसाभोवती वेगळं राजकारण का उभं राहिलं? आमचं म्हणणं असं की गाळपाची मालकी उत्पादकांकडे असली की दराचा संघर्ष संस्थेच्या आतल्या निवडणुकीत जातो आणि त्यातून नेतृत्व घडतं. मालकी बाहेर असली की तो सरकारकडे वळतो. पुरावा म्हणून संचालक मंडळांच्या याद्या, उमेदवारांची शपथपत्रं आणि मुलाखती वापरल्या आहेत. उत्पादक-संस्था आणि पक्ष यांच्या नात्यावरच्या चर्चेत यामुळे अमुक बदल होतो.’ निष्कर्ष अर्थात तुमच्या पुराव्यातून येईल ते. इथे पाहायचा आहे तो क्रम: कोडं, उत्तर, पुरावा, चर्चेत पडलेली भर.

प्रस्तावनाही याच क्रमानं, तीन पानांत. उत्तर तिसऱ्या परिच्छेदापर्यंत यायलाच हवं. आपल्या प्रबंधांना पार्श्वभूमीपासून सुरुवात करायची सवय असते. ब्रिटिश काळापासून सुरू झालेला लेख प्रश्नापर्यंत पोचतो तोवर संपादकाचा निर्णय होऊन गेलेला असतो. एकूण लांबी सहसा आठ ते बारा हजार शब्दांच्या घरात मागतात. त्यात संदर्भसूची आणि तक्ते धरलेले आहेत की वगळलेले, हे त्या जर्नलच्या सूचनांमध्ये वाचा. शब्दमर्यादा ओलांडलेला लेख कधी कधी न वाचताच परत येतो.

मराठी पुरावा इंग्रजी लेखात

आपली खरी ताकद ही आहे, आणि निष्काळजीपणानं वाया जाते तीही हीच. कारखान्याचे वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, स्थानिक दैनिकांची जुनी पानं हे बाहेरच्या अभ्यासकाला सहज वाचता येत नाही. पण भाषांतर ढिलं झालं की पुरावाच फिरतो. ‘उचल’ घ्या. शेतकरी ‘पहिली उचल’ म्हणतो ती ऊस कारखान्यात गेल्यावर मिळणाऱ्या बिलाच्या पहिल्या हप्त्याला. ऊसतोड मजूर ‘उचल’ म्हणतो ती हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या रकमेला, जी कामातून फेडायची असते. दोन्हींना इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलंत तर वाचकाला शेतकरी कारखान्याचा कर्जदार वाटेल आणि तुमचा सगळा युक्तिवाद उलटा वाचला जाईल. पहिल्या वापरात मूळ शब्द रोमन लिपीत आणि एका वाक्यात अर्थ द्या, पुढे मूळ शब्दच ठेवा. असे शब्द लेखात सहा-सातपेक्षा जास्त नकोत; बाकीचे साध्या इंग्रजीत सांगा.

मुलाखतींत नाव न देणं पुरेसं नसतं. ‘तालुक्यातील कारखान्याचे माजी उपाध्यक्ष, वय ७२’ असं लिहिलं आणि तालुक्यात कारखाना एकच असेल, तर गावात प्रत्येकाला माणूस कळतो. जिल्हा किंवा विभाग सांगा, पद ‘संचालक’ एवढंच ठेवा, वय गाळा. आणि हे मुलाखत घेतानाच ठरवा, कारण दिलेला शब्द नंतर बदलता येत नाही.

आकडेवारीची फाइलही लेखासोबतच तयार करत जा. २०१४ साली राज्यशास्त्राच्या अनेक जर्नलांच्या संपादकांनी पारदर्शकतेचं संयुक्त निवेदन काढलं आणि तेव्हापासून लेख स्वीकारल्यावर आकडे आणि ते चालवण्याचा कोड मागण्याची पद्धत रुळली आहे. शपथपत्रांवरून तुम्ही ‘व्यवसाय: शेती’ कसा नोंदवला, शेती आणि व्यापार दोन्ही लिहिलेल्या उमेदवाराला कुठे टाकलं, हे नियम पहिल्या दिवशीच एका पानावर लिहून ठेवा. दोन वर्षांनी ते आठवत नाहीत.

नाव काढणं आणि पाठवणं

समीक्षा बहुधा दोन्ही बाजूंनी निनावी असते. आभाराचा परिच्छेद काढा. ‘मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’ हे वाक्य बदला आणि स्वतःच्या लेखाचा उल्लेख दुसऱ्या कुणाच्या लेखासारखा तृतीय पुरुषात करा. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या वाटेनं जाऊन लेखकाचं नाव आणि जुन्या कमेंट पुसा. पीडीएफ केल्यावर तिचे गुणधर्म उघडून पुन्हा पाहा. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असेल तर लेखाचं शीर्षक प्रबंधाच्या शीर्षकापेक्षा वेगळं ठेवा, नाहीतर एका शोधात नाव सापडतं. साम्य तपासणीत प्रबंधाचा मजकूरही दिसणार, म्हणून संपादकांच्या पत्रात ‘हा लेख माझ्या पीएचडी प्रबंधाच्या एका प्रकरणावर आधारित आहे’ असं स्पष्ट लिहा. ते पत्र एका पानाचं असावं.

एका वेळी एकाच जर्नलकडे. दोन ठिकाणी पाठवणं उघड झालं तर दोन्ही दारं बंद होतात.

निकालाचं पत्र

टेबलावरूनच परतीचा निर्णय सहसा काही आठवड्यांत कळतो. समीक्षकांकडे गेलेल्या लेखाला तीन ते सहा महिने लागू शकतात. चार महिने उलटले तर दोन ओळींची नम्र विचारणा करायला हरकत नाही.

‘सुधारून पुन्हा पाठवा’ ही चांगली बातमी आहे. पत्रातली टीका पाहून अनेक जण तिला नकार समजतात आणि लेख बासनात जातो. असं करू नका. आधी संपादकाचा परिच्छेद वाचा, कारण दोन समीक्षक एकमेकांच्या उलट सांगत असतील तर कुणाचं ऐकायचं हे तिथे सूचित असतं. मग प्रत्येक मुद्दा शब्दशः उतरवून त्याला क्रमांक द्या. त्याखाली उत्तर, त्याखाली बदल कुठे केला तो पान क्रमांक आणि नवं वाक्य. समजा समीक्षक म्हणतो, ‘उत्तर प्रदेशातला सरकारी दर हे पर्यायी स्पष्टीकरण दुर्लक्षित आहे.’ यावर ‘सूचनेबद्दल आभार, विचार केला आहे’ हे उत्तर चालत नाही. चालतं ते असं: ‘पान १४ वर नवा विभाग जोडला आहे. दर जाहीर झाल्याच्या आणि आंदोलनाच्या तारखा तक्ता ३ मध्ये समोरासमोर ठेवल्या आहेत. काही वर्षी आंदोलन दर जाहीर होण्याआधीचं आहे, म्हणून आमचं विधान पान २ वर मर्यादित केलं आहे.’ मुद्दा पटला नसेल तर तसंही लिहा, पण पुराव्यासकट. उत्तरांचा हा कागद दहा-बारा पानांचा झाला तरी चालेल.

नकार आला तर तोच लेख त्याच रात्री दुसरीकडे पाठवू नका. विषयातले जाणकार मोजके असतात, आणि पुढच्या जर्नलनं तो आधीच्याच समीक्षकाकडे पाठवला तर त्याला आपली एकही सूचना घेतलेली दिसणार नाही. दोन-तीन आठवडे देऊन तुम्हाला मान्य असलेल्या सुधारणा करा, मग पाठवा.

स्वीकारल्यावर छपाईपूर्व प्रत तपासायला दोन-तीन दिवसच मिळतात. त्यात नावं आणि तक्ते सगळ्यात आधी पाहा. लाखाचा स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीत बदलताना एखादं शून्य गळून पडतं, ‘शिरोळ’ आणि ‘शिरूर’ यांची रोमन रूपं जवळजवळ असल्यामुळे अदलाबदल होते, आणि एकदा छापून आलं की शुद्धिपत्राखेरीज उपाय उरत नाही.